कर्ज काढण्याआधी चिठ्ठी बघा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेलं हे बोलणं. खुरपणीमुळे ज्यांना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी इथं छापलं आहे. गटाच्या बैठकीत एकीनं मोठ्यानं वाचावं, ही विनंती.)



आज मी बचतीवर बोलणार नाही, बँकेच्या कर्जावरही बोलणार नाही. आज औषधाच्या खर्चावर बोलायचं आहे. पण सुरुवात आपल्या कर्ज नोंदवहीपासूनच करते, कारण मला ही गोष्ट तिथंच सापडली. खरं सांगायचं तर सापडायला उशीर झाला.

आपल्या प्रभागातल्या एका गटात एक मावशी आहेत. त्यांचं नाव सांगत नाही, पण त्यांना विचारून बोलते आहे. ‘सांग बाई, माझं झालं ते दुसरीचं होऊ नये,’ असं त्या म्हणाल्या. या मावशींनी वर्षभरात गटातून तीन वेळा अंतर्गत कर्ज घेतलं. आधी 3,000, मग 2,000, मग परत 3,000. तिन्ही वेळा कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, ‘आजारपण’. परतफेड नियमित होती, हप्ता एकदाही चुकला नाही. मी वही तपासली, खाली सही केली आणि ‘गट चांगला चालला आहे’ असा शेरा मारून पुढच्या गावाला गेले.

मावशींना बीपी आणि साखर दोन्ही आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी तीन गोळ्या लिहून दिल्या होत्या. महिन्याला साधारण 900 रुपये मेडिकलमध्ये जायचे. काकांनाही बीपीची गोळी चालू आहे, तो खर्च वेगळा. मग मावशींनी काय केलं? काकांची गोळी रोज दिली. स्वतःची एक दिवसाआड घेतली. साखरेची गोळी मधोमध मोडून अर्धी घेतली. कशासाठी, तर हप्ता चुकू नये म्हणून! आपल्या गटाचा हप्ता!

सात महिने असं चाललं. एके दिवशी सकाळी चुलीपाशी बसल्या असताना डावा हात उचलेना, तोंड वाकडं झालं. लकवा. 108 ची गाडी वेळेत आली म्हणून जीव वाचला. पण आज त्यांना दोन हातांनी भाकरी थापता येत नाही.

दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा मी विचारलं, ‘मावशी, आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीची गोळी फुकट मिळते, तुम्ही कधी गेला नाहीत का?’ त्या म्हणाल्या, ‘कुणी सांगितलंच नाही.’ त्यावर मला काही बोलता आलं नाही. सांगायचं काम माझंच होतं. मी समाजकार्य शिकून आले, तीन वेळा ती वही हातात धरली, आणि ‘कसलं आजारपण?’ एवढंसुद्धा विचारलं नाही.

आपल्या दशसूत्रीतली पहिली पाच सूत्रं आपल्याला झोपेतसुद्धा पाठ आहेत. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. सहावं सूत्र काय? नियमित आरोग्याची काळजी. आज त्या सहाव्या सूत्राचं बोलू. औषधासाठी कर्ज काढण्याआधी चार ठिकाणी विचारायचं असतं. ती चार ठिकाणं एकेक करून सांगते.

पहिलं ठिकाण : आपलाच सरकारी दवाखाना

15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय, सगळं त्यात येतं. केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा, सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय दुसऱ्या विभागाकडे आहे, त्याला हा निर्णय लागू नाही.

बीपी आणि साखरेच्या नेहमीच्या गोळ्या इथं मिळतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकीची बीपी-साखरेची तपासणीही इथं होते. गरोदर बाईच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, कुत्रं चावल्याची लस, सापाचं औषध यांसाठीही आधी इथंच या. टीबीचा तर पूर्ण कोर्स सरकारकडून मोफत असतो. शिवाय टीबीच्या रुग्णाला आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला 1,000 रुपये बँक खात्यात मिळतात. आधी ते 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून वाढले. म्हणजे टीबीच्या औषधासाठी कुणी कर्ज मागायला आली, तर आपण तिला पैसे न देता तिचा हात धरून दवाखान्यात न्यायचं.

आता तुम्ही म्हणाल, ‘ताई, प्राथमिक आरोग्य केंद्र सकाळचं असतं आणि खुरपणीही सकाळचीच असते. तीनशे रुपये रोज बुडवून फुकटची गोळी आणायची का?’ बरोबर आहे तुमचं. म्हणून उपकेंद्रात विचारा. त्यालाच आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी, म्हणजे सीएचओ, असतात. एकदा डॉक्टरांनी गोळी ठरवून दिली की पुढचं बीपी मोजणं आणि गोळ्या देणं बऱ्याच ठिकाणी उपकेंद्रातच होतं. आपल्या गावात कोणत्या वारी होतं ते आशाताईला विचारून ठेवा. एकदम महिन्याभराच्या गोळ्या मागा, म्हणजे चार चकरा वाचतील.

कधी कधी ‘गोळी संपली’ असं सांगतात. तेव्हा गुपचूप परत येऊ नका. कधी येणार ते विचारा. वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. प्राथमिक आरोग्य केंद्राची रुग्ण कल्याण समिती असते, तिच्याकडे निधी असतो, गरजेचं औषध स्थानिक पातळीवर खरेदी करता येतं. एकटी बाई गेली तर ‘पुढच्या आठवड्यात या’ असं उत्तर मिळतं. ग्रामसंघाच्या शिक्क्याचं पत्र गेलं तर त्याची नोंद घ्यावी लागते. तरीही काही झालं नाही तर 104 या आरोग्य विभागाच्या नंबरवर फोन करून सांगता येतं.

आणि एक गैरसमज काढून टाकू. ‘फुकटची गोळी हलकी असते, तिला ताकद नसते,’ असं आपण सगळ्याच म्हणतो. माझी आईसुद्धा म्हणायची. पण गोळी काम करते की नाही हे तिच्या भावावरून कळत नाही, ते मशीनवर कळतं. गोळी बदलली की दोन-तीन आठवड्यांनी बीपी मोजा. आटोक्यात असेल तर गोळी चांगली आहे. नसेल तर डॉक्टरांना सांगा, ते मात्रा बदलतील.

दुसरं ठिकाण : डॉक्टरांची चिठ्ठी

खाजगी डॉक्टरांकडे जायचंच असेल, तर चिठ्ठी लिहिली जात असतानाच एक वाक्य बोलायचं आहे. ‘डॉक्टर, औषधाचं मूळ नाव लिहून द्या, मला जनऔषधीतून घ्यायचं आहे.’

हे मूळ नाव काय असतं? आपल्या पापडांचं उदाहरण घ्या. आपल्या गटानं केलेले पापड आपल्या पिशवीतून विकले तर एक भाव. तेच पापड शहरातल्या मोठ्या नावाच्या पाकिटात गेले की भाव दुप्पट. पापडाचं पीठ तेच असतं, पैसे नावाचे जातात. औषधाचंही बरंचसं तसंच आहे. गोळीच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात कंपनीनं ठेवलेलं नाव असतं. त्याच्या जवळच बारीक अक्षरात मूळ औषधाचं नाव असतं. टेल्मिसार्टन 40 एमजी, मेटफॉर्मिन 500 एमजी, असं. रोगावर काम करतं ते हे बारीक अक्षरातलं औषध. त्यालाच जेनेरिक नाव म्हणतात. एमजीचा आकडा म्हणजे मात्रा, तीही बरोबर जुळली पाहिजे.

डॉक्टरांनी शक्यतो जेनेरिक नाव लिहावं, आणि तेही वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात, असं डॉक्टरांच्या आचारसंहितेतच सांगितलं आहे. म्हणजे आपण काही वेगळं किंवा उद्धट मागत नाही. आणि हे डॉक्टरांकडेच का मागायचं? कारण चिठ्ठीवर कंपनीचं नाव असेल तर मेडिकलवाल्याला कायद्यानं आपल्या मनानं ते बदलून दुसऱ्या कंपनीचं देता येत नाही. चिठ्ठीवर मूळ नाव असेल तर स्वस्तातलं मागता येतं. म्हणून जे काही बोलायचं ते डॉक्टरांसमोर बोला.

अजून दोन प्रश्न विचारायचे. ‘यातल्या गरजेच्या कोणत्या आणि ताकदीच्या कोणत्या?’ टॉनिक आणि व्हिटॅमिन पैशाअभावी थांबवायचं असेल तर ते डॉक्टरांना विचारून थांबवता येईल. पण बीपी, साखर, हृदय, फिट, थायरॉईड यांची गोळी आपल्या मनानं थांबवायची नाही. दुसरा प्रश्न, ‘हीच गोळी सरकारी दवाखान्यात मिळते का?’ पैशाची अडचण आहे हे सांगायला लाजू नका. डॉक्टरांना कळलं तर ते परवडणारं औषध लिहू शकतात. न सांगता गोळी अर्धी केली तर त्यांना वाटतं औषध लागू पडत नाही, आणि ते आणखी एक महाग गोळी वाढवतात.

तिसरं ठिकाण : जनऔषधी केंद्र

प्रधानमंत्री भारतीय जनऔषधी केंद्र म्हणजे सरकारी योजनेतलं स्वस्त औषधांचं दुकान. ही योजना 2008 साली सुरू झाली. आज देशात अशी 15,000 हून जास्त दुकानं आहेत. कंपनीच्या नावाच्या औषधापेक्षा इथलं औषध साधारण 50 ते 80 टक्के स्वस्त पडतं. दुकानात येण्याआधी मालाची प्रयोगशाळेत तपासणी होते. इथं सॅनिटरी पॅडसुद्धा एक रुपयाला एक मिळतं. घरात लेकीसुना आहेत, त्यांनाही हे सांगा.

केंद्र कुठं आहे ते शोधायला ‘जनऔषधी सुगम’ हे मोबाइल ॲप आहे. त्यात औषधाचं मूळ नाव टाकलं की किंमतही दिसते. आपल्याला जमलं नाही तर घरातली दहावीची पोरगी पाच मिनिटांत काढून देईल. फोनवर विचारायचं असेल तर 1800-180-8080 हा नंबर आहे, त्याला पैसे पडत नाहीत.

अडचणीही सांगते, नाहीतर तुम्ही चक्कर मारून याल आणि मला बोल लावाल. केंद्र प्रत्येक गावात नसतं. प्रत्येक औषध तिथं असेलच असंही नाही. म्हणून जाण्याआधी दुकानात फोन करून विचारा. डॉक्टरांची चिठ्ठी लागते, ती जवळ ठेवा. पण रुग्णानं स्वतः जायलाच पाहिजे असं नाही, चिठ्ठी घेऊन दुसरी कुणी गेली तरी चालतं. आता विचार करा, गटात दहा जणी, त्यातल्या चौघींच्या घरी रोजच्या गोळ्या. चौघींनी चार चकरा कशाला मारायच्या? महिन्यातून एकीनं चौघींच्या चिठ्ठ्या घेऊन जायचं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच, ते चौघींनी वाटून घ्यायचं. प्रत्येकीची पिशवी वेगळी, पावती वेगळी. घरी आल्यावर जुन्या पाकिटावरचं बारीक नाव आणि एमजी नव्या पाकिटाशी जुळवून बघायचं. जुळलं नाही तर आशाताईला किंवा सीएचओंना दाखवल्याशिवाय गोळी घ्यायची नाही.

नेहमीच्या मेडिकलमधून घेत असाल तर बिल मागा. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे कुणी घेऊ शकत नाही. पैसे कमी असतील तर दहा दिवसांच्या गोळ्या घ्या, पण घ्याल तेवढ्या दिवस पूर्ण मात्रेत घ्या. आणि त्या दहा दिवसांत पहिल्या ठिकाणी, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, जाऊन या.

चौथं ठिकाण : मोठ्या आजारासाठी योजना

ऑपरेशन, हृदय, किडनी, कॅन्सर असं मोठं काही आलं की आपण सोनं गहाण टाकतो. थांबा. आधी आयुष्मान कार्ड आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना बघा. दोन्ही मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार ठरलेल्या रुग्णालयांत मोफत मिळतात. ॲडमिट असतानाची औषधं त्यातच येतात, घरी जाताना पुढच्या काही दिवसांची औषधंही येतात. रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेले असतात. पैसे भरण्याआधी त्यांना भेटायचं. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्यायचं. जवळचं रुग्णालय योजनेत आहे का हे 155388 वर फोन करून कळतं. पण नीट ऐका, घरी बसून रोज घ्यायच्या गोळ्यांचा खर्च या कार्डातून निघत नाही. त्यासाठी पहिली तीन ठिकाणंच.

शहरातल्या ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना कायद्यानं 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. अशा रुग्णालयात समाजसेवा विभाग असतो. ‘समाजसेवकांना भेटायचं आहे’ असं म्हणायचं. माझ्यासारखंच शिक्षण घेतलेली माणसं तिथं बसलेली असतात, हे काम करण्यासाठीच त्यांना पगार मिळतो. योजनेत न बसणाऱ्या गंभीर आजारासाठी मुख्यमंत्री सहायता निधीकडेही अर्ज करता येतो. पण तो उपचार चालू असतानाच करायचा, सगळं बिल भरून झाल्यावर नाही.

कागद ऐनवेळी सापडत नाहीत. म्हणून आजच घरी जाऊन एका पिशवीत रेशनकार्ड, आधार, आयुष्मान कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि चालू चिठ्ठ्या ठेवा. पिशवी कुठं आहे ते घरात दोघांना तरी माहीत असू द्या.

मग आपल्या गटानं काय करायचं?

मी कर्ज बंद करा म्हणत नाही. रात्री दोन वाजता कुणाचं पोर तापानं फणफणलं तर गटाचा पैसा त्यासाठीच आहे. अगदीच गरजू घर असेल तर ग्रामसंघाकडे जोखीम प्रवणता निधी आहे, आपण ज्याला व्हीआरएफ म्हणतो तो. पण दर महिन्याला लागणारं औषध कर्जातून घेतलं तर ते कर्ज कधी फिटणार? गोळी आयुष्यभराची आणि हप्ताही आयुष्यभराचा.

म्हणून माझी तीन कामांची विनंती आहे.

एक. कर्जाच्या कारणात ‘आजारपण’ एवढंच लिहायचं नाही. लिपिकाताईंनी विचारायचं, कोणतं औषध, महिन्याला किती रुपये, चारपैकी कोणत्या ठिकाणी विचारून झालं? ज्या बाईला आजार सगळ्यांसमोर सांगायचा नसेल तिला बाजूला घेऊन विचारायचं. तिची गोष्ट गटाबाहेर जाता कामा नये.

दोन. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली गोळ्यांची पाकिटं आणि चिठ्ठ्या घेऊन यायच्या. आशाताईंना बोलवा. पाकिटावरचं बारीक नाव शोधायचं, तारीख संपलेली नाही ना ते बघायचं, आणि काय कुठं मिळेल ते लिहून ठेवायचं. एक गोष्ट मात्र करायची नाही. ‘तुझी बीपीची, माझीही बीपीचीच’ असं म्हणून एकीची गोळी दुसरीला द्यायची नाही. आजाराचं नाव एक असलं तरी औषध वेगळं असू शकतं.

तीन. बचतीचे पैसे गोळा करताना दर महिन्याला एक प्रश्न विचारायचा. ‘कुणाची गोळी चुकली का? कुणी अर्धी घेते का?’ पहिल्या महिन्यात कुणी बोलणार नाही. दुसऱ्या महिन्यात एखादी बोलेल. घरात पैसा कमी पडला की सगळ्यात आधी बाईचं औषध बंद होतं. सासूबाईंचं होत नाही, नवऱ्याचं होत नाही, पोरांचं तर नाहीच. ती स्वतःच बंद करते आणि कुणाला सांगत नाही. घरच्यांना कळत नाही, ते गटाला कळलं पाहिजे. दर महिन्याला भेटणारं दुसरं कोण आहे आपल्याला?

शेवटी मावशींचं सांगते. आज त्यांना पाच गोळ्या आहेत. तीन आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून येतात, दोन जनऔषधीतून येतात. गेल्या महिन्याची पावती 112 रुपयांची होती. काकांची गोळीही आता आरोग्य केंद्रातूनच येते. मावशींच्या हाताला व्यायाम चालू आहे, मूठ थोडी थोडी वळायला लागली आहे. गटाचं 2,200 रुपये कर्ज अजून बाकी आहे. गटानं ठराव करून हप्ता निम्मा केला आहे. मावशी आधी तयारच नव्हत्या, ‘माझी परतफेड कधी चुकली नाही’ म्हणाल्या. तेव्हा अध्यक्षताई म्हणाल्या, ‘अगं, हप्ता चुकला तर पुढच्या महिन्यात भरता येतो. गोळीचं तसं नाही.’

मी माझ्याकडून एक कबूल करते. यापुढे वही तपासताना ‘आजारपण’ हा शब्द दिसला की सही करण्याआधी मी त्या ताईच्या घरी जाऊन येईन. मी विसरले तर तुम्ही मला आठवण करून द्या, त्यात काही लाजायचं नाही.

घरी गेल्यावर आधी आपापल्या गोळ्यांचं पाकीट बघा. कुठली गोळी मधून मोडलेली असेल तर उद्याच उपकेंद्रात या. एकटीला यायला संकोच वाटत असेल तर मला निरोप द्या, मी बरोबर येते.